मागच्या बाकावर मास्तर

आमचा मळा अमरावतीच्या बाहेर, बडनेऱ्याच्या रस्त्याला लागून होता. वांगी, पालक, सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, हिवाळ्यात मुळे आणि कोबी. वडील सकाळी टोपल्या घेऊन बाजारात बसत, आणि मुलींच्या शाळेतले भूगोलाचे मास्तर त्यांच्याकडूनच भाजी घेत. त्या ओळखीवरच मी शाळेत गेले. माळ्याच्या पोरीनं चौथीच्या पुढं शिकावं, असं आमच्या आळीत कोणाच्या मनातही येत नव्हतं. मास्तरांच्या मनात आलं.

मास्तर भूगोल गाऊन शिकवत. नद्या, डोंगर, तालुके, मध्यप्रांत आणि वऱ्हाडातले जिल्हे, मुंबईहून आगबोटीनं विलायतेला जाताना लागणारी बंदरं, सगळ्यांची त्यांनी स्वतः पदं बांधली होती. भिंतीवर नकाशा, हातात लांब काठी, आणि काठी नदीवरून सरकत असताना त्यांचा भरदार आवाज:

पूर्णा निघाली मावळतीला, तापीबाईच्या घरी,
वर्धा वळली दक्षिणेला, गोदेची वाट धरी.

आम्ही मागून म्हणायचो. घरी जाऊन दळताना म्हणायचो. ऐकून ऐकून आमच्या आळीतल्या बायाही जात्यावर पूर्णेचं गाणं म्हणू लागल्या होत्या. तो भूगोल आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. आगबोटीचं पद मास्तर म्हणायला लागले की माझ्या अंगावर काटा यायचा. समुद्र त्यांनीही पाहिलेला नव्हता. पण एडनच्या बंदरात बोट थांबली असं ते म्हणाले, की वर्गात कोणी हलत नसे.

नकाशा भिंतीवर टांगलेला असल्यामुळं उत्तर दिशा वर आहे असं मी धरून चालले होते. वर म्हणजे खरोखर वर, कौलांच्या पलीकडे. हिमालय तिकडेच कुठंतरी असणार, आणि दक्षिण म्हणजे शेणानं सारवलेल्या जमिनीच्या खाली. मास्तरांनी असं कधी सांगितलं नव्हतं. पण नाही असंही सांगितलं नव्हतं, आणि विचारायची तेव्हा पद्धत नव्हती.

माझं लग्न ठरलं होतं तो मुलगा हळदीच्या आधीच तापानं गेला. त्यानंतर आमच्या दारात कोणी सोयरीक घेऊन येईना. आई दिवसभर माझ्याकडं बघून डोळे पुसायची. अशात एक दिवस मास्तर मळ्यावर आले आणि वडिलांशी बोलत विहिरीच्या काठावर बसले.

"तिले जबलपूरले ट्रेनिंगले धाडा," ते म्हणाले.

"पोरीची जात, मास्तर. एवढ्या दूर काहून धाडू मी तिले?"

"ती बाई होऊन येईन. आपल्याच शाळेत शिकवीन. मी काय जल्मभर पुरणार हाव? माझ्यामागं भूगोल कोण पाहीन मंग?"

वडिलांनी मोटेचं पाणी पुढच्या वाफ्याकडं वळवलं. मग म्हणाले, "तुमी म्हणता तर जाऊ द्या."

म्हणजे मला तिकडं पाठवणारे मास्तरच, आणि परत येऊन त्यांची जागा घ्यायचं ठरवणारेही तेच. हे मी मुद्दाम सांगते आहे. पुढं लोकांनी माझी बाजू घेताना हेच म्हटलं, आणि मला त्यानं कधी हलकं वाटलं नाही.

जबलपूरला आम्हाला भूगोलाची पद्धत शिकवणारी एक मडम होती. पहिल्याच दिवशी तिनं आम्हाला उभं केलं आणि हिंदीत सांगितलं, उत्तरेकडं बोट दाखवा. कोणी दाराकडं दाखवलं, कोणी खिडकीकडं. मी छताकडं दाखवलं. सगळ्या हसल्या. मडम हसली नाही. तिनं आम्हाला अंगणात नेलं, एक काठी जमिनीत रोवली आणि तिची सावली बघत बसवलं. दुपारी सर्वांत आखूड सावली ज्या बाजूला पडली, तिकडं तिनं हात केला. उत्तर माझ्या पायांच्या समोर, जमिनीवर होती. एक आंब्याचं झाड आणि धोब्याची दोरी होती तिकडं. त्या क्षणी मला झालेला आनंद मी कोणाला समजावून सांगू शकणार नाही.

मग वाळूचे डोंगर केले, मातीच्या नद्या केल्या. पत्र्याच्या डब्यात पाऊस मोजला. मुलाला आधी त्याचं अंगण दाखवा, मग गाव, मग जिल्हा, आणि जग सर्वांत शेवटी, असं मडम सांगे. पाठांतर तिला मुळीच खपत नसे. मी हुशार होते, मला ते सगळं पटापट आलं. आणि त्याबरोबर एक गोष्ट आली, ती म्हणजे मास्तरांच्या पदांची लाज. वसतिगृहात मैत्रिणींना हसवायचं झालं की मी ती छपरातल्या उत्तरेची गोष्ट सांगायची. काठी फिरवत, मास्तरांसारखा आवाज काढत सांगायची. दर वेळी हशा व्हायचा.

परत आले तेव्हा शाळेच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे हेडमिस्ट्रेसनी, वरच्या वर्गांचा भूगोल माझ्याकडं दिला. मास्तरांकडं तिसरी-चौथी राहिली. पहिल्या दिवशी नकाशांच्या गुंडाळ्या खांद्यावर घेऊन मास्तर स्वतः माझ्या वर्गात आले. त्या कोपऱ्यात नीट उभ्या करून ठेवल्या, हात झटकले आणि म्हणाले, "घ्या बाई, आता हे तुमचं."

"मास्तर, मला बाई काय म्हणता?"

"शाळेत बाईच म्हणावं लागते. नाही तर पोरी ऐकत नाहीत." आणि हसले. त्या दिवसानंतर त्यांनी मला पोरी म्हटलं नाही, शाळेत नाही की बाजारात नाही.

हिवाळ्यात इन्स्पेक्ट्रेस बाई तपासणीला आल्या. माझा धडा त्यांना फार आवडला. मुलींनी काळ्या मातीचा मेळघाट केला होता, त्यावर लोट्यानं पाणी ओतलं आणि ते कुठून कुठं वाहतं ते दाखवलं. मधल्या सुट्टीत मोठ्या बाईंच्या खोलीत चहा झाला. इन्स्पेक्ट्रेस बाईंनी मला विचारलं, "तुम्ही इथल्याच विद्यार्थिनी ना? तुमच्या वेळी कसा शिकवत भूगोल?"

मी गोष्ट सांगितली. जबलपुरात सांगायची तशीच, हातवाऱ्यांसकट. छपरातली उत्तर, कौलांवरचा हिमालय, जमिनीखालची कन्याकुमारी. त्या पोट धरून हसल्या. मोठ्या बाई थोड्या हसल्या आणि चहाच्या कपात बघू लागल्या. मी मास्तरांचं नाव घेतलं नाही. पण त्या शाळेत माझ्याआधी भूगोल शिकवणारा दुसरा कोण होता?

सुट्टीनंतर इन्स्पेक्ट्रेस बाई मास्तरांच्या चौथीच्या वर्गात गेल्या. मोठ्या बाईंनी मलाही बरोबर घेतलं. मुलींनी नद्यांचं पद म्हणून दाखवलं, सुरेख म्हटलं. मग इन्स्पेक्ट्रेस बाईंनी भिंतीवरचा नकाशा काढायला लावला आणि खाली जमिनीवर पसरला. एका मुलीला जवळ घेतलं. "बाळ, आता सांग, उत्तर कुठं?"

त्या मुलीनं जमिनीवरच्या नकाशाकडं पाहिलं. मग मान वर केली आणि भिंतीवर नकाशा टांगायचा जो खिळा होता त्याच्याकडं बोट दाखवलं. दुसरीला विचारलं. तिनंही खिळाच दाखवला.

इन्स्पेक्ट्रेस बाई वळून माझ्याकडं बघून हसल्या. मीही हसले. मला आठवतं, मी हसले होते.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "मुली गातात छान. पण उत्तर यांना अजून छपरातच दिसते."

मास्तरांनी आधी त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. हे शब्द कुठून आले ते त्यांना कळलं. रागाची एक रेघ जरी त्यांच्या चेहऱ्यावर दिसली असती, तरी मी तिला धरून राहिले असते. त्यांनी फक्त काठी भिंतीला टेकवून ठेवली.

निकाल असा झाला की मास्तर ट्रेनिंग न झालेले, म्हणून त्यांनी पुढल्या तपासणीपर्यंत माझ्या तासाला बसून नवी पद्धत शिकावी. मग त्या पद्धतीनं एक धडा घेऊन दाखवावा. जमला तर नोकरी राहील.

दुसऱ्या दिवशी माझा सहावीचा तास सुरू होता. दारात मास्तर उभे. टोपी काढून हातात धरलेली. वर्गात येताना आम्ही मुली जशा थांबायचो तसे ते उंबऱ्याबाहेर थांबले होते.

"येऊ काय, बाई?"

मी मान हलवली. ते मागच्या बाकावर जाऊन बसले. तो बाक त्यांच्या देहाला पुरत नव्हता, गुडघे फळीला अडत होते. मुली वळून वळून बघत होत्या, तोंडात पदर कोंबून हसत होत्या. मी रागावले तेव्हा मास्तरच म्हणाले, "हसू द्या. शिकणाऱ्याले हसतातच." त्या तासाला मी काय शिकवलं ते मला आठवत नाही.

ते रोज येऊ लागले. मातीत हात घालत, सावली मोजत, आणि शंका विचारत. खरोखरच्या शंका. "बाई, मंग सावली पावसाळ्यात कशी पाह्यची?" मी उत्तर द्यायची. आपल्या गुरूला उत्तर देताना आवाज कुठं ठेवावा हे मला समजत नसे. मोठा काढला तर उर्मट वाटे, लहान काढला तर दया केल्यासारखं. घरी येऊन मी विहिरीवर पाय धूत बसायची आणि आईनं हाक मारली तरी उठायची नाही.

एकदा बाजारात वडिलांच्या शेजारी बसले होते. मास्तरांच्या बायको, ज्यांना मी लहानपणापासून काकू म्हणे, त्या भाजी घ्यायला आल्या. माझ्याकडं न बघता त्यांनी वांगी निवडली. मग वडिलांना म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या पोरीनं आमचं घर मुकं केलं."

"काय झालं, वहिनी?"

"आंघोळ करताना ते गात जाय. पूर्णा, वर्धा, सगळं. शेजारची लेकरं भिंतीले कान लावून ऐकत. आता पाण्याचा आवाज येते, बस."

वडिलांनी घरी आल्यावर विचारलं, "खरं हाय काय?" मी सगळं सांगितलं, चहाच्या वेळची गोष्टही. त्यांनी रिकाम्या टोपल्या एकात एक ठेवल्या. मग म्हणाले, "मास्तर नसते तर तू आज मुळे धुत बसली असती." एवढंच. पण दुसऱ्या दिवसापासून ते मास्तरांच्या घरी स्वतः भाजी पोचवून येऊ लागले. बाजारात बसायच्या आधी, आडवाट करून.

मी मनाशी ठरवलं की मास्तरांना असा धडा शिकवायचा की इन्स्पेक्ट्रेस बाई थक्क होतील. त्यांची नोकरी राहिली की माझं ओझं उतरेल. हा विचार त्यांच्यापेक्षा माझ्या सोयीचा होता, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

त्या हिवाळ्यात मी सहावी-सातवीच्या मुलींना खरी पूर्णा दाखवायला नेलं. दर्यापूरला माझे मामा होते. काही बापांनी मुली पाठवल्या नाहीत, पण मोठ्या बाई स्वतः बरोबर येणार म्हटल्यावर बऱ्याच आल्या. मूर्तिजापूरपर्यंत मोठ्या आगगाडीनं, तिथून दर्यापूरला जाणाऱ्या लहान गाडीनं, आणि पुढं मामांच्या बैलगाड्यांतून. मास्तर छत्री घेऊन गाडीच्या साट्यावर बसले होते. वाटेत मामांच्या शेतातल्या विहिरीचं पाणी मुलींना चाखायला दिलं. खारट होतं. पूर्णेच्या दोन्ही अंगांचा हा सगळा पट्टा खारपाणाचा आहे, हे मी पुस्तकातून पाठ करवून घेतलं असतं तर कोणाच्या लक्षात राहिलं नसतं. मुलींनी तोंडं वाकडी केली, थुंकल्या, खिदळल्या. मास्तर ओंजळभर पाणी प्याले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

नदीवर पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. पात्र रुंद, पण पाण्याची धार बारीकच. मी मुलींना सावलीवरून दिशा ठरवायला लावल्या. मास्तर थोडे दूर गेले, पळसाचं एक पान तोडलं आणि पाण्यात सोडलं. पान हळूहळू निघालं, समोर सूर्य खाली येत होता त्याच्याकडं. मास्तर काठाकाठानं त्याच्याबरोबर चालत गेले. पान एका दगडाला अडकलं तेव्हा थांबले.

मी त्यांच्याजवळ गेले. मला वाटलं ते खूष असतील.

"बाई," ते म्हणाले, "जल्मभर मी पोरींना सांगत आलो, पूर्णा मावळतीला जाते. पण खरं सांगू? माझ्या मनात ती डावीकडं जाय. नकाशात डावीकडं. मावळती म्हणजे हे," त्यांनी सूर्याकडं हात केला, "हे माझ्या मनात कधी आलंच नाही. म्हंजे मले बी ठाऊक नव्हतं."

"मास्तर, कोणालाच नव्हतं. मला तरी कुठं…"

"तुम्ही लहान होत्या. मी मास्तर होतो."

परतताना बैलगाडीत मुली त्यांचंच पद म्हणू लागल्या. पूर्णा निघाली मावळतीला. आता तर त्यांनी ती जाताना पाहिली होती, मोठ्यानं म्हणत होत्या. मास्तर बाहेरच्या कपाशीच्या पऱ्हाट्यांकडं बघत होते, त्यांनी साथ दिली नाही. त्या मुलींना थांबवावं की म्हणू द्यावं, मला सुचेना.

पुढल्या तपासणीत मास्तरांनी धडा घेतला. विषय चिखलदऱ्याचा पाऊस. मातीचे डोंगर, पाण्याचा लोटा, सावलीची काठी, सारं जिथल्या तिथं. एकही चूक झाली नाही. मी सांगितलेलं प्रत्येक वाक्य त्यांनी माझ्याच शब्दांत म्हटलं. त्यांचा तो भरदार आवाज कुठं गेला होता कोण जाणे. हुकूम वाचून दाखवावा तसे ते बोलत होते. चौथीच्या मुली अगदी शांत बसल्या होत्या, आणि एडनच्या बंदरात बोट थांबायची तेव्हाची ती शांतता ही नव्हती. एक मुलगी जांभई देत होती.

"समाधानकारक," इन्स्पेक्ट्रेस बाई म्हणाल्या. माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाल्या, "हे तुमचं श्रेय."

त्या गेल्यावर मुलींनी मास्तरांना घेरलं. "मास्तर, आता तर गाणं म्हणा ना!"

"नाही. माती धुऊन ठेवा आधी."

मी मोठ्या बाईंकडं गेले आणि म्हटलं की मास्तरांना त्यांच्या रीतीनं शिकवू द्या, आधी गाणं आणि मग बाहेर नेऊन दाखवणं, दोन्ही चालेल. बाई वैतागल्या. "ते पास झाले ना? आणखी काय पाहिजे तुम्हाला?" मग मी मास्तरांकडंच गेले. ते वऱ्हांड्यात हात पुसत होते. मी म्हटलं, "मास्तर, तुम्ही गाणं सोडू नका. माझंच चुकलं. गाण्यामुळं मला भूगोलाची गोडी लागली."

ते म्हणाले, "कोणाच्या भीतीनं सोडलं नाही, बाई. म्हणून पाह्यलं मी घरी. पण 'मावळतीला' शब्द आला का ते पान दिसते, अन् मंग वाटते का एवढे दिवस आपण काय म्हणून राह्यलो होतो. गळ्यातून निघतच नाही."

माझ्या गोष्टीनं त्यांचा अपमान झाला होता, ते एक वेळ भरून निघालं असतं. पण मी त्यांना जे खरं दाखवलं होतं त्यानंच त्यांचा आवाज गेला होता, आणि ते परत घेता येण्यासारखं नव्हतं. माझ्या पद्धतीत कुठंही खोट नव्हती. शाळेत मी अजूनही तीच पद्धत वापरत होते आणि मुलींचे डोळे चमकताना बघून मला आनंदही होत होता. तो आनंद होताना दर वेळी चोरी केल्यासारखं वाटे.

वर्ष संपताच मास्तरांनी नोकरी सोडली. पेन्शनीला अजून अवकाश होता. त्यांचा एकुलता मुलगा अकोल्याला कापसाच्या प्रेसमध्ये कारकून होता, त्याच्याकडं दोघं राहायला गेले.

पुढं अकोल्याच्या मुलींच्या शाळेत जागा निघाली तेव्हा मी स्वतः बदली मागून घेतली. आईला वाटलं मला हवापालट हवा आहे.

त्यांचं घर प्रेसजवळच होतं, हवेत सदा कापसाच्या रुईचे तंतू. मास्तरांना दमा जडला होता. ते खाटेवर उशीला टेकून बसले होते. मला बघून त्यांचा चेहरा खुलला. "या बाई, या. काय शिकवता आता?"

मी त्यांच्या पायाशी बसले आणि जे पूर्वी अर्धंमुर्धं बोलले होते ते सगळं बोलले. जबलपूरच्या वसतिगृहातले हशे, चहाच्या वेळची नक्कल, चौथीच्या वर्गातलं माझं हसणं. त्यांनी ऐकून घेतलं, मग खोकल्याची उबळ ओसरू दिली.

"तुमचं काय चुकलं? उत्तर छपरात नसतेच. ते खरंच हाय."

"मास्तर, तुम्ही मला रागवा तरी."

"काहून रागवू? मीच धाडलं न तुम्हाला."

आतून काकूंचा आवाज आला. "ते नाही रागवणार. मी रागावते न! ये पोरी इकडं, भांडे घास."

मी उठले, पदर खोचला आणि मोरीवर जाऊन बसले. काकू उभ्या राहून बघत होत्या. "तवा नीट घास. मांगून काळा दिसते." मी पुन्हा घासला. त्या बोलत होत्या, त्यांचं घर अमरावतीहून हललं ते कोणामुळं, सुनेचं ऐकून घ्यावं लागते ते कोणामुळं. मी ऐकत होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कोणी तरी मला माझ्या मापाचं बोललं होतं. जाताना त्यांनी भाकर आणि मिरचीचा ठेचा वाढला, आणि म्हणाल्या, "येत जाय. काम रायते इथं."

मी रविवारी जाऊ लागले. कधी दळण निवडायचं, कधी गोधडी धुवायची. मास्तर खाटेवरून माझ्याशी शाळेच्या गोष्टी काढत. भूगोलाचं मात्र पहिल्या दिवसानंतर त्यांनी विचारलं नाही, आणि मीही काढलं नाही. एका उन्हाळ्यात ते गेले. मी शाळेत होते. मला निरोप आला तेव्हा वर्गात नकाशा टांगलेला होता, आणि मुलींना काय सांगून बाहेर पडले ते मला आठवत नाही.

नंतर लढाई सुरू झाली. मास्तरांचा मुलगा फौजेच्या कोठारात कारकून म्हणून भरती झाला आणि त्याला बसऱ्याला पाठवलं. सून माहेरी गेली. काकू एकट्या राहिल्या. मी आता रविवारशिवायही जात असे.

एक दिवस मी ज्वारी पाखडत होते. काकू चुलीपाशी बसल्या होत्या. अचानक म्हणाल्या, "पोरी, तो बसरा कोणीकडं हाय?"

मी म्हटलं, "उद्या नकाशा आणते, काकू."

"नकाशा मले समजत नाही. मले एवढं सांग, कोणीकडं तोंड करून बसू?"

मी सूप खाली ठेवलं. उंबऱ्यात जाऊन उभी राहिले, सावली बघितली, मनात नकाशा आडवा केला. चुकायची भीती वाटत होती, परीक्षेलाही वाटली नव्हती एवढी. मग हात करून दाखवलं. "मावळतीकडं. थोडंसं उत्तरेला. तो निंबाचा शेंडा दिसतो ना, त्याच्या उजव्या अंगानं सरळ."

"मधात काय लागते?"

"खानदेश. मग समुद्र. मग वाळूचा मुलूख."

"अन् त्याच्या पुढं तो?"

"त्याच्या पुढं तो."

त्यांनी चुलीजवळचा पाट उचलला आणि दारात आणून ठेवला, निंबाकडं तोंड करून. त्या दिवसापासून भाजी चिरायची, वाती वळायच्या, ते सगळं त्या पाटावर बसून. मी बाजूला काही तरी करत असे. त्या मला त्या मुलुखाबद्दल विचारत. तिथं पाणी गोड असते की खारं, पाऊस पडते काय, कापूस होते काय. मला सगळंच माहीत नव्हतं. जे नव्हतं ते मी शाळेतल्या पुस्तकांतून पाहून यायची आणि पुढल्या वेळी सांगायची. त्यांना नद्या दोन आहेत हे ऐकून बरं वाटलं. कधी तरी त्या म्हणत, "यांना विचाराले पाह्यजे होतं हे सारं." मी ज्वारीतले खडे वेचत राही.

लढाई संपल्यावर मुलगा परत आला. काळा पडला होता, बाकी धडधाकट. मी भेटायला गेले तेव्हा काकू त्याला गरम भाकर वाढत होत्या. मला बघून त्यांनी त्याला विचारलं, "सांग बरं, तू कोणीकडून आला?"

तो घास घेता घेता म्हणाला, "टेशनाकडून."

"टेशनाकडून नाही रे! बसरा कोणीकडं हाय, ते सांग."

त्यानं आमच्या दोघींकडं पाहिलं. इकडं तिकडं मान फिरवली, आणि प्रेसच्या धुराड्याकडं, अगदी उलट बाजूला, बोट दाखवलं.

काकूंनी तवा खाली ठेवला. "तुहा बाप मास्तर होता भूगोलाचा," त्या म्हणाल्या, "अन् तुले बसरा ठाऊक नाही. दोन वर्षं काय पाह्यलं तिकडं?" मग मला म्हणाल्या, "पोरी, दाखव याले."

मी उठून उंबऱ्यात गेले आणि त्याला निंबाचा शेंडा दाखवला. तो हसला, म्हणाला, "बरं झालं ताई, आता समजलं." काकू हसल्या नाहीत. त्यांनी मला भाकर वाढली, आणि जेवण झाल्यावर नेहमीप्रमाणं भांड्यांकडं हात केला.